उजव्या बाजूचे हृदय आणि पेसमेकर: डाव्या-उजव्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६४ वर्षे. त्यांचे हृदय छातीत उजवीकडे आहे, हे वीस वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या एक्स-रेत कळले होते आणि त्यानंतर त्याचा कधी काही त्रास झाला नाही. गेल्या महिन्यात मात्र शेतात दोनदा भोवळ येऊन ते पडले, नाडी मिनिटाला ३६ भरली, ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांतली वीज खालच्या कप्प्यांपर्यंत न पोचणे) निघाला आणि पेसमेकर बसवण्याचा सल्ला मिळाला. मुलाचे विचारणे असे, की हा ब्लॉक हृदय उलट असल्यामुळेच झाला का, यंत्र कोणत्या बाजूला बसवायचे, नेहमीपेक्षा धोका किती जास्त असतो, आणि हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होईल की मुंबई-पुणे गाठावे लागेल. ठोक्यांच्या विकारांवर उपचार करण्यात माझी बावीस वर्षे गेली. तेवढ्या काळात अशा, आरशात पाहिल्यासारख्या उलट्या हृदयात पेसमेकर बसवण्याचा प्रसंग माझ्यावर चारदा आला. पुढचे उत्तर त्या चार शस्त्रक्रियांच्या आणि त्यांच्या तयारीसाठी केलेल्या वाचनाच्या आधारावर आहे.

सर्वांत आधी वेळेबद्दल. पूर्ण हार्ट ब्लॉक, त्यात भोवळ येऊन पडण्याचा इतिहास आणि ठोके चाळिशीच्या खाली, एवढे एकत्र आले की हृदय उजवीकडे आहे की डावीकडे हा प्रश्न दुय्यम ठरतो. खालचे कप्पे आज स्वतःच्या बळावर ३६ ठोके देत आहेत, ते उद्याही देतील याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे माहिती गोळा करण्याचे काम वडिलांना रुग्णालयात, मॉनिटरवर ठेवून करावे, घरी ठेवून नव्हे. ठोके मंद करणारी औषधे, म्हणजे मेटोप्रोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांपैकी काही चालू आहे का, रक्तातील पोटॅशियम वाढले आहे का, थायरॉइड कमी आहे का आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे का, हे आधी तपासले जाते, कारण या कारणांनी आलेला ब्लॉक उपचारांनी सुटू शकतो. यांपैकी काही नसेल, तर पेसमेकरला पर्याय नाही.

ब्लॉक हृदय उलट असल्यामुळे झाला का, याचे उत्तर एका अटीवर ‘नाही’ असे आहे. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीराची डावी-उजवी बाजू ठरते. गर्भाच्या एका बारीकशा खळगीतील सूक्ष्म केसांसारखे तंतू गोल फिरतात, त्यांच्या फिरण्याने द्रव डावीकडे वाहतो आणि त्या प्रवाहावरून पेशींना ‘डावे’ कुठले ते कळते. हा संकेत पूर्ण उलटला, तर हृदयाची नळी उलट दिशेने वळते, यकृत डावीकडे जाते, जठर उजवीकडे येते आणि सगळे शरीर आरशात पाहिल्यासारखे घडते. साधारण आठ ते दहा हजारांत एक माणूस असा असतो. त्याच्या हृदयातली वीजवाहिनी नेहमीसारखीच असते, फक्त आरशातली. वरच्या कप्प्यातला मुख्य केंद्रबिंदू, मधले जोडकेंद्र आणि कप्प्यांमधल्या पडद्यातून खाली जाणाऱ्या फांद्या सगळे जागच्या जागी असतात आणि काम चोख करतात. म्हणून अशा माणसाला ६४ व्या वर्षी ब्लॉक होतो, तो शेजारच्या घरातल्या चौसष्ट वर्षांच्या गृहस्थाला होतो त्याच कारणाने: वाहक तंतू वयपरत्वे झिजतात आणि त्यांच्या जागी निबर, कधी चुन्याने कडक झालेली ऊती येते.

अट ही, की आरसा पूर्ण असला पाहिजे. ‘हृदय उजव्या बाजूला आहे’ या एकाच वाक्याखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात डॉक्टरने सर्वाधिक वेळ इथेच घालवावा. पहिली म्हणजे वर सांगितलेला पूर्ण आरसा. दुसरी म्हणजे उजवे फुप्फुस लहान राहिल्यामुळे किंवा आकसल्यामुळे नुसते उजवीकडे ओढले गेलेले, पण आतून सरळ असलेले हृदय. तिसऱ्या प्रकारात पोटातले अवयव जागेवर असतात आणि हृदयाचे टोक तेवढे उजवीकडे वळलेले असते. इथे जन्मजात दोष सापडण्याची शक्यता मोठी असते. खालच्या दोन कप्प्यांची अदलाबदल आणि त्याबरोबर महारोहिण्यांचीही अदलाबदल झालेली हृदये यातल्या काहींत निघतात. अशा अदलाबदलीत, शरीराची बाकी मांडणी सरळ असेल तर, जोडकेंद्र भलत्या जागी असते, त्यातून निघणारी वाहिनी लांब आणि नाजूक असते आणि दरवर्षी सुमारे २ टक्के रुग्णांना पूर्ण ब्लॉक होतो. तिथे ब्लॉकचा संबंध रचनेशी थेट असतो. चौथा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा. त्यात शरीराने डावे-उजवे ठरवलेलेच नसते. दोन्ही बाजू डाव्यासारख्या घडल्या, तर ठोके सुरू करणारे केंद्र अपुरे असते किंवा नसतेच, कारण ते मुळात उजव्या बाजूचे लेणे आहे. अशा माणसांची नाडी लहानपणापासून मंद असू शकते. दोन्ही बाजू उजव्यासारख्या झाल्या, तर केंद्रे दोन-दोन असू शकतात आणि त्यांच्यात वीज गोल फिरून वेगाच्या धडधडीचे झटके येतात.

वडिलांना चौसष्ट वर्षे काही त्रास झाला नाही, यावरून पूर्ण आरसा असण्याचा संभव अधिक, पण संभवावर पेसमेकरची वायर, म्हणजे शिरेतून हृदयात जाऊन ठोका देणारी तार, टाकू नये. पोटाच्या सोनोग्राफीने यकृत, प्लीहा आणि खालची महाशीर यांच्या जागा कळतात. टू-डी इकोने कप्पे आणि झडपा कळतात. आणि मूत्रपिंड ठीक असेल तर रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये छातीतल्या शिरांचा नकाशा मिळतो. पूर्ण आरसा असलेल्यांत हृदयाचे जन्मजात दोष ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास आढळतात. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास असते. सीटीत मी मुद्दाम एक गोष्ट पाहतो. वरची महाशीर नेहमी उजवीकडे असते, आरशात ती डावीकडे येते. पण काही जणांत गर्भावस्थेतली दुसऱ्या बाजूची शीरही टिकून राहते. ती आडवळणाने हृदयात उतरते आणि आधी ठाऊक नसेल तर शस्त्रक्रियेच्या मध्यावर वायर अनपेक्षित दिशेने निघते.

एक्स-रेबद्दल एक आठवण सांगतो. शिकाऊ काळात एका रुग्णाच्या छातीचे दोन एक्स-रे माझ्या हातात होते, एकात हृदय उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे. खूप शोध घेतल्यावर कळले, की दुसरा काढणाऱ्याला पडद्यावरचे चित्र उलटे वाटले आणि त्याने भल्या मनाने एक बटण दाबून ते ‘सरळ’ करून दिले होते. तेव्हापासून मी चित्रातल्या हृदयावर विश्वास ठेवत नाही. हात छातीवर ठेवून ठोका कुठे लागतो ते पाहतो आणि मग चित्राकडे वळतो.

ईसीजीत हाच घोटाळा रोज होतो. नेहमीच्या जागी पट्ट्या लावल्या तर पहिल्या लीडमधल्या (लीड म्हणजे ईसीजीतली एका कोनातून घेतलेली नोंद) लाटा सगळ्या खाली तोंड करून येतात, दुसरी आणि तिसरी लीड एकमेकींच्या जागी जातात, दोन्ही हातांच्या लीडही जागा बदलतात, आणि छातीवरच्या सहा लीडमध्ये पहिलीपासून सहावीकडे जाताना उंची वाढायच्या ऐवजी घटत जाते. तंत्रज्ञाला वाटते हातांच्या वायर चुकून बदलल्या. तो पुन्हा काढतो, पुन्हा तेच. दोन्हींतला भेद सोपा आहे: वायर बदलल्या असतील तर छातीच्या लीड नेहमीसारख्या दिसतात, आरशातल्या हृदयात त्या दिसत नाहीत. यंत्राने छापलेला अहवाल तर ‘जुना झटका’ असेही सांगून मोकळा होतो. योग्य रीत अशी, की हातांच्या वायर मुद्दाम अदलाबदल करून लावाव्यात, छातीवरच्या पहिल्या दोन पट्ट्यांची जागा बदलावी आणि उरलेल्या चार उजव्या छातीवर, डाव्या जागांच्या बरोबर समोरासमोर लावाव्यात. मग कागदावर अगदी साधा ईसीजी उमटतो. त्या कागदावर हाताने ‘उजवीकडून घेतलेला’ असे लिहून ठेवायचे, नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा कोड्यात पडतो.

एक दिलासा मात्र आहे. ताल ओळखण्यासाठी बाजू लागत नाही. वरच्या कप्प्याची लाट आणि खालच्या कप्प्याची लाट यांचे एकमेकींशी नाते आहे की नाही, हा वेळेचा हिशेब आहे, आणि तो उलट्या कागदावरही तसाच राहतो. त्यामुळे वडिलांचे पूर्ण ब्लॉकचे निदान पट्ट्या कुठेही लावल्या असल्या तरी बरोबर असणार. चुकते ते जागेचे निदान: झटका कुठल्या भिंतीला आला, जादा ठोके कुठून निघतात, कुठली फांदी बंद आहे.

आता यंत्र कोणत्या बाजूला बसवायचे हा प्रश्न. नेहमीच्या माणसात आम्ही डाव्या हासळीखाली पेसमेकर बसवतो. एक तर बहुतेकांचा उजवा हात कामाचा असतो. दुसरे, डावीकडून गेलेली वायर छाती ओलांडून, मोठे गोलाकार वळण घेत उजवीकडच्या महाशिरेत आणि मग हृदयात उतरते, हे वळण हाताला सोयीचे पडते. उजवीकडून जाताना वाट जवळची असली तरी काटकोनासारखी मोड येते. आरशात हे सगळे फिरते. वडिलांच्या बाबतीत सोयीचे मोठे वळण उजव्या हासळीखालून मिळेल आणि मोडीची जवळची वाट डावीकडून. पण या मोडीचा बाऊ करण्याचे कारण नाही. डाव्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी केलेली शीर-धमनीची जोडणी) असला किंवा डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असली की आम्ही एरवीही उजवीकडून पेसमेकर बसवतोच. वडिलांना डावीकडून बसवणे म्हणजे त्याचेच प्रतिबिंब. ते शेती करतात, फावडे-कुऱ्हाड उजव्या हाताने चालते. वायर हासळी आणि पहिली बरगडी यांच्या फटीत सापडली, तर वर्षानुवर्षांच्या खांद्याच्या हालचालीने तिचे वेष्टन झिजते. म्हणून माझा कल डावीकडे राहील, आणि त्यातही वायर काखेकडच्या शिरेतून आत घ्यावी, म्हणजे ती त्या फटीत सापडत नाही. दुसरा कोणी अनुभवी डॉक्टर वळणाच्या सोयीसाठी उजवी बाजू निवडेल, तर तोही चूक करत नाही. जीवघेणा ताल थांबवण्यासाठी विजेचा झटका देणारे यंत्र बसवायचे असते, तर मात्र मी उजवी बाजू धरली असती, कारण विजेचा झोत कातडीखालची यंत्राची डबी आणि हृदयातली वायर यांच्यामधून जातो आणि त्या वाटेत हृदयाचा मोठा भाग यावा लागतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय वेगळे घडते, ते जरा जवळून सांगतो. शिरेतून वायर जाईपर्यंत काही नवल नसते. वायर वरच्या कप्प्यात आली, की हात सवयीने बोटांत वायर फिरवतो आणि क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर ती नेमकी नको तिकडे, बाहेरच्या पातळ भिंतीकडे वळते. हजारो वेळा केलेली क्रिया बोटांत मुरलेली असते, ती डोक्याचे ऐकत नाही. माझ्या पहिल्या अशा शस्त्रक्रियेत मी सहाय्यकाला सांगून ठेवले होते, की मी वायर फिरवीन तेव्हा दर वेळी मोठ्याने ‘उलट’ म्हण. तो बिचारा दीड तास म्हणत राहिला.

पडद्यावरचे चित्र आडवे उलटवून घ्यायची सोय असते. तसे केले की हृदय ओळखीचे दिसते. पण चित्र उलटले तरी माणूस उलटत नाही: वायरला दिलेला पीळ उलटाच राहतो आणि कॅमेऱ्याचे डावे-उजवे कोनही अदलाबदल होतात. म्हणून शीर टोचताना मी चित्र सरळ ठेवतो आणि वायर हृदयात पोचल्यावरच, खोलीतल्या सगळ्यांना सांगून, ते उलटवतो. वायरचे टोक मधल्या पडद्यावर टेकले आहे की बाहेरच्या भिंतीवर, हे समोरच्या चित्रात कळत नाही. नेहमी त्यासाठी कॅमेरा डावीकडे चाळीसेक अंश झुकवतात. इथे तो उजवीकडे झुकवायचा आणि टोक मणक्याच्या दिशेने गेले आहे याची खात्री करायची. ही एक पायरी गाळली आणि वायरच्या टोकाचा स्क्रू पातळ भिंतीत गेला, तर हृदयाला छिद्र पडून भोवती रक्त साचू शकते.

वायरच्या पोकळीत घालायच्या ताठ तारेला, म्हणजे स्टायलेटला, आम्ही अंगठ्याने बाक देतो. बाक एकाच पातळीतला असेल तर ती तार फिरवून कुठल्याही बाजूला वळवता येते, आरसा असो वा नसो. दोन पातळ्यांतला बाक मात्र पहिल्यापासून उलट द्यावा लागतो. गेल्या काही वर्षांत वायर हृदयाच्या मधल्या पडद्यात खोल बसवून डाव्या फांदीजवळून ठोका देण्याची पद्धत आली आहे. तिच्यात दोन्ही खालचे कप्पे जवळजवळ नैसर्गिक रीतीने एकत्र आकुंचन पावतात आणि ज्यांना सतत पेसिंग (यंत्राने ठोके देणे) लागणार त्यांना ती हितकारक वाटते. त्यासाठी मिळणारी काही नळीसारखी आवरणे तीन दिशांत वळवून, साच्यात तयार केलेली असतात आणि ती सरळ हृदयासाठी घडवलेली आहेत. डाव्या पायाचा जोडा कितीही फिरवला तरी उजव्या पायात बसत नाही, तसे त्यांचे टोक इथे पडद्याऐवजी बाहेरच्या भिंतीकडे पाहते. त्यांना हाताने वेगळा आकार देऊन किंवा साध्या आवरणातून हे काम साधता येते. मात्र फांदी पकडली गेली की नाही याची खूण ईसीजीच्या पहिल्या छातीच्या लीडमध्ये शोधायची असते, आणि पट्ट्या उजवीकडून लावल्या नसतील तर ती खूण दिसणारच नाही. तंत्रज्ञाने रुग्णाला कापडाने झाकण्यापूर्वी पट्ट्या बदलल्या आहेत का, हे मी स्वतः वाकून पाहतो.

शस्त्रक्रियेआधी तातडीने तात्पुरती वायर टाकायची वेळ आली, तर नेहमी सरळ पडणारी मानेची उजवी शीर इथे आडवळणाची होते आणि डावी सरळ पडते. बाहेरून ठोका किंवा विजेचा झटका देण्यासाठी छातीवर चिकटवायचे मोठे पॅडही उजव्या छातीकडे सरकवावे लागतात. छातीदाब मात्र मधल्या हाडावरच द्यायचा असतो, त्यात काही बदल नाही.

धोका किती जास्त, याचे प्रामाणिक उत्तर असे. पूर्ण आरसा असेल, शिरा आधी पाहिलेल्या असतील आणि करणाऱ्याला उलट्या दिशांची जाणीव असेल, तर जंतुसंसर्ग, वायर सरकणे, फुप्फुसाला टोचणे हे धोके नेहमीच्याच प्रकारचे असतात. वेळ थोडा जास्त लागतो आणि क्ष-किरणांचा डोसही थोडा वाढतो. एक गोष्ट मात्र वडिलांना विचारून घ्या: लहानपणापासून नाक सतत वाहणे, सायनसचा त्रास, रोजचा कफ, कानाची दुखणी. झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या विकारात उलट अवयव, सायनसचा दाह आणि रुंदावलेल्या श्वासनलिका एकत्र येतात. आरसा असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा मूळ दोष असतो, कारण गर्भात बाजू ठरवणारे आणि श्वासनलिकेतला कफ ढकलणारे सूक्ष्म तंतू एकाच जातीचे आहेत. तसे असेल, तर छातीतला संसर्ग आधी आटोक्यात आणावा लागतो. संसर्ग असताना यंत्र बसवणे धोक्याचे, आणि जोराच्या खोकल्याने ताजी वायर सरकू शकते.

मुंबई-पुण्याचा प्रश्न. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगली कॅथलॅब (क्ष-किरणांखाली हृदयात वायर-नळ्या घालण्याची खोली), सीटीची सोय आणि उजवीकडून पेसमेकर बसवण्याचा सराव असलेला डॉक्टर असेल, आणि आरसा पूर्ण असल्याचे सिद्ध झाले असेल, तर लांबचा प्रवास टाळावा असे माझे मत आहे. ३६ ठोक्यांवर सहा तासांचा रस्ता हाच मोठा धोका. आरसा अपुरा निघाला, कप्प्यांची अदलाबदल किंवा शिरांची वेगळी रचना दिसली, तर जन्मजात हृदयरोगाचे काम करणाऱ्या मोठ्या केंद्रात जावे, आणि जाताना बाहेरून पेसिंग करण्याची सोय असलेली रुग्णवाहिका घ्यावी. डॉक्टरांना सरळ विचारा, की असे हृदय आपण याआधी हाताळले आहे का. ‘नाही, पण मी तयारी करून करीन आणि अडले तर अमक्यांना विचारीन’ हे उत्तर मला ‘त्यात काय विशेष’ या उत्तरापेक्षा पुष्कळ बरे वाटते.

नंतरच्या काळजीत फारसे वेगळे काही नाही. चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, पण खांदा अगदीच आखडूनही धरू नये. जखम कोरडी ठेवावी. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. मनगटी घड्याळावर ईसीजी काढण्याची हौस घरात कोणाला असेल, तर त्यातली लाट उलटी दिसेल, तिने घाबरू नये.

पेसमेकरबरोबर मिळणारे ओळखपत्र वडिलांच्या पाकिटात राहील. त्याच्या मागे मराठीत आणि इंग्रजीत एवढे लिहून घ्या: हृदय व पोटातील अवयव आरशातल्यासारखे उलट आहेत, ईसीजी उजव्या बाजूने घ्यावा, विजेच्या झटक्याचे पॅड उलट बाजूंना लावावेत, छातीत उजवीकडे दुखले तरी हृदयविकार समजून तपासावे, आणि अपेंडिक्सचे दुखणे डावीकडे येऊ शकते. शेवटच्या ओळीचा पेसमेकरशी काही संबंध नाही, पण रात्री दोन वाजता कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरला तीच सर्वांत जास्त कामाची पडेल.